मराठी माणूस, धंदा आणि पत
(द्वितीय वर्ष, कला)

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. गंमत अशी की, ही म्हण सांगणारेच आपल्या मुलाला नोकरी लागावी म्हणून नवस बोलतात. त्याच घरात दुसरेही एक वाक्य ऐकू येते, 'मराठी माणसाला धंदा जमत नाही.' कोणी ते हताशपणे म्हणतो, कोणी टोमणा म्हणून मारतो, तर कोणी 'आपल्याला लबाडी येत नाही' अशी पुस्ती जोडून अभिमानानेही सांगतो. गुजराती, मारवाडी, सिंधी यांच्या रक्तातच व्यापार आहे आणि आपल्या रक्तात नाही, असा याचा मथितार्थ. हे मत कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या गावाकडेच पाहू. आपले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात या बंदराचा 'सुप्पारा' असा उल्लेख आहे. १८८२ साली येथील स्तूपाचे उत्खनन करून अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा जगापुढे आणला तो जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. म्हणजे या मातीला व्यापार नवा नाही आणि परप्रांतीय माणूसही नवा नाही.

आज या बंदराच्या जागी गाळ्यांचे गाव आहे. पूर्वेला धानिव, संतोष भुवनकडे, तसेच पुढे वालीव, सातिवलीला गेले की पर्स शिवणारे, खोटे दागिने घडविणारे, स्टीलला पॉलिश करणारे गाळे एकाला लागून एक दिसतात. उत्तर प्रदेशातून आलेला पोरसवदा मुलगा गाळ्यातच राहतो, गाळ्यातच झोपतो. प्रथम धागे कापतो, मग मशीनवर बसतो आणि काही वर्षांनी आपल्याच गावच्या कारागिराच्या ओळखीवर दोन मशिने उधारीत घेऊन स्वतः काम घेऊ लागतो. आमच्या चाळीतील बायका, त्यांत माझी आईही आली, घरी बसून खोट्या दागिन्यांत खडे बसवितात. मजुरी डझनावर मिळते. आईचा हात इतका साफ आहे की तिचा माल कधी परत येत नाही. परंतु हा माल पुढे भुलेश्वरच्या बाजारात कोणत्या भावाने जातो, हे तिला ठाऊक नाही. तिला काम येते, धंदा येत नाही. या दोहोंमधील अंतर कशाचे आहे, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे.

मुंबईचा इतिहास पाहिला तर हे अंतर कसे पडले ते कळते. १८५४ साली कावसजी दावर या पारशी गृहस्थांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली. पाठोपाठ भाटिया, गुजराती व्यापारी या उद्योगात उतरले. कापूस आणि अफूच्या व्यापारातून त्यांच्या हाती पैसा आला होता. मराठी माणूस तेथे नव्हताच असे नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत जगन्नाथ शंकरशेट होते. परंतु असे अपवाद थोडे. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतील माणूस गिरणीत आला तो कामगार म्हणून. माझे आजोबाही त्यांपैकीच एक. अशा रीतीने मुंबईत भांडवलाची भाषा एक आणि श्रमाची भाषा दुसरी झाली. मालक आणि कामगार यांचे भांडण म्हणूनच भाषेचे भांडण वाटू लागले.

भाषावार प्रांतरचनेच्या वेळी हा वाद उघडपणे पुढे आला. १९४८ साली दार आयोगापुढे मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी, असे म्हणणे मांडले गेले. मुंबईची भरभराट इतरांच्या भांडवलाने झाली, हा त्यातील एक मुद्दा. याच आयोगाला सादर केलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दाव्याचा सडेतोड प्रतिवाद केला. व्यापार कोणाच्या हाती आहे यावरून प्रदेश कोणाचा हे ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. पुढे मोठा लढा झाला, माणसे हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

राज्य आले तरी पेढ्यांवरील नावे बदलली नाहीत. १९६० साली निघालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने मुंबईच्या कचेऱ्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. या चळवळीने अनेक मराठी घरांत नोकरी आणली, ताठ मान आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या याद्या खुर्च्यांच्या होत्या. कारखान्यात आपली माणसे किती, हा प्रश्न विचारला गेला. कारखाना आपला का नाही, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेकांचे रोजगार कायमचे गेले, तेव्हा नोकरीचा भरवसा किती, हे गिरणगावाला कळून चुकले.

आता रक्ताच्या प्रश्नाकडे वळू. व्यापार रक्तात नसतो याचा पहिला पुरावा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि पैसा दिला आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तोही लोकांनी एकेक पैसा देऊन. तेथील भट्ट्यांनंतर १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी गेला. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड विकण्यापासून सुरुवात करून 'कॅम्लिन' उभी केली. तिचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात तारापूरला आहे. २०११ साली या कंपनीतील मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कर्तबगारीच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. कुठे राजेसाहेब, कुठे फंड, कुठे भाऊ. मारवाडी किंवा गुजराती मुलाच्या पाठीशी हेच बळ आधीपासून असते. परगावी गेल्यास जातभाईंच्या बाशात जेवण आणि निवारा मिळतो. पेढीवर उमेदवारी करताना जमाखर्च, मालाची पारख आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी हाताखालून जातात. पुढे नातेवाइकाच्या शब्दावर माल उधार मिळतो. याला आपल्या भाषेत 'पत' म्हणतात. पत म्हणजे पैसा नव्हे. आज हाती नसलेला पैसा उद्या हा माणूस आणून देईल, असा इतरांना वाटणारा विश्वास म्हणजे पत. ती एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेली असते, म्हणून ती रक्तात असल्याचा भास होतो.

हाच भास दूर आफ्रिकेतही होतो. आपल्या नालासोपाऱ्यात नायजेरियाचे काही लोक राहतात. मुंबईत कपडे घेऊन मायदेशी पाठविणारे त्यांत आहेत. त्या देशात इग्बो आणि योरुबा या दोन मोठ्या समाजांत धंद्यावरून अशीच चुरस आहे. लागोस हे व्यापारी शहर योरुबांच्या प्रदेशात. तेथे पूर्वेकडून आलेल्या इग्बोंनी बाजारपेठा भरविल्या. 'शहर आमचे' असे एक म्हणतो, 'बाजार आम्ही उभा केला' असे दुसरा म्हणतो. आपल्याला हा संवाद ओळखीचा वाटतो. योरुबांच्या पश्चिम विभागात १९५५ साली ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले. त्यातून शिकलेला वर्ग पुढे आला. इग्बोंचा बियाफ्रा युद्धात १९७० साली पराभव झाला आणि युद्धकाळात व्यवहार झालेल्या बँक खात्यांवर, रक्कम कितीही असो, वीस पौंडच हाती ठेवण्यात आले. १९७२ साली परदेशी कंपन्यांतील हिस्से देशी लोकांना देण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ते विकत घेण्याइतका पैसा लागोसकडे होता, इग्बोंकडे नव्हता. याचा सल आजही आहे.

तरीही इग्बो उभे राहिले ते उमेदवारीच्या जोरावर. तिला ते 'इग्बा-बोई' म्हणतात. मुलगा ठरलेली काही वर्षे मालकाकडे राबतो आणि मुदत संपली की मालक त्याला स्वतंत्र दुकानासाठी भांडवल देतो. न्नेवी या गावात मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी अशाच रीतीने वाढले. त्याच गावी पुढे इनोसन कंपनीचा मोटार बनविण्याचा कारखाना उभा राहिला. म्हणजे व्यापारातून कारखाना निघाला आणि व्यापार उमेदवारीतून निघाला.

आपल्याकडेही रागाकडून संस्थेकडे जाण्याचा मार्ग पूर्वी सापडलेला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांवर उठाव केला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते त्यांनी जाळले. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण पीक पेरायला पैसा लागतच होता आणि तो सावकाराकडेच होता. पाऊणशे वर्षांनी नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याच्या अध्यक्षपदी होते आणि सहकाराला पाठबळ देणारे त्या वेळचे मंत्री वैकुंठभाई मेहता हे गुजराती होते. सहकारात पुढे राजकारण शिरले हे खरे, परंतु रोखा जाळणाऱ्यांचे वंशज कारखान्याचे भागधारक झाले, हा बदल लहान नाही. आपल्या वसईतही पापडीच्या शेतकरी ख्रिस्ती समाजाने १९१८ साली बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक काढली, ती शंभरी ओलांडून आजही चालू आहे.

दोन उदाहरणे स्त्रियांची देते, कारण त्यांची नावे अशा चर्चेत क्वचित येतात. गिरणगावातील खाणावळवाल्या बायका शेकडो कामगारांना जेवू घालीत. तो धंदाच होता, मात्र किराण्यासाठी त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. आज त्यात असंख्य मराठी भगिनी आहेत, आणि पापड लाटणारी प्रत्येक सभासद ही संस्थेची मालक मानली जाते. येथे गुजराती धंदा कोठे संपतो आणि मराठी कोठे सुरू होतो, हे कोणी सांगावे? सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद गुजराती की महाराष्ट्रीय, हेही असेच सांगता येत नाही. त्यांचे पहिले भागीदार रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'मराठी माणूस' हा एकच एक नाही. ज्याच्या हातचे पाणीही चालत नसे, त्याने हॉटेल कसे काढावे? जमीन नाही, म्हणून तारण नाही आणि तारण नाही, म्हणून कर्ज नाही, हे चक्र कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या फिरले. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन केले, ते या चक्राला उत्तर म्हणूनच. तेव्हा शेजाऱ्याने आपली वाट अडविली म्हणताना आपणच आपल्यातल्या कोणाची वाट अडविली, हेही पाहावे लागेल.

तात्पर्य, धंद्यातील ही स्पर्धा दिसायला दोन जमातींची असली तरी खऱ्या अर्थाने ती उमेदवारी, उधारी आणि बाजाराची ओळख यांची आहे. ज्याच्याकडे या तीन गोष्टी आहेत तो पुढे जातो, मग तो लागोसचा असो की लालबागचा. दुकानाची पाटी मराठीत असावी यात गैर काही नाही. पण पाटीखालचा गल्ला आपला व्हायचा असेल तर पाटी बदलण्यापेक्षा दीर्घ काम करावे लागेल.

त्यासाठी आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचना करते. आपल्या परिसरात इतके गाळे आहेत. अर्थशास्त्र आणि वाणिज्य विषयांच्या प्राध्यापकांनी मनावर घेतल्यास सुट्टीत विद्यार्थ्यांना तेथे उमेदवारी करता येईल. गाळ्याचा मालक कोणत्या भाषेचा आहे हे विचारू नये. कच्चा माल कोठून येतो, भाव कसा ठरतो, पैसे किती दिवसांनी सुटतात, हे मात्र जरूर विचारावे. घरी काम करणाऱ्या बायकांचा बचत गट असेल तर त्याचा जमाखर्च लिहून द्यायला आपल्यापैकी एकेकीने पुढे यावे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. नोकरी मिळाली तर मी ती नाकारणार नाही, घराला तिची गरज आहे. परंतु शिक्षणाचा उपयोग अर्ज लिहिण्यापुरताच झाला तर तो अपुरा आहे. आईने खडे बसविलेल्या दागिन्याचा बाजारातला भाव तिला सांगता यावा, एवढे तरी माझ्या शिक्षणाने केले पाहिजे.