आडातील पाणी

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• खाजगी विहिरींची तपासणी का आवश्यक आहे, हे सांगू शकाल;
• विहिरीची पाहणी व पाण्याची परीक्षा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• पाणी शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण काढू शकाल.

मूळ पाठ

‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आडात जे असते, तेच पोहऱ्यात येते. आड दूषित असेल, तर पोहरा कितीही स्वच्छ असून उपयोग नाही.

बंगळूरमधील चिकपेट म्हणजे ‘लहान पेठ’. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या नगराचा हा जुना भाग होय. १६३८ नंतर काही दशके बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मराठी बोलणारी अनेक कुटुंबे आजही या शहरात नांदत आहेत. शहरातून मोठी नदी वाहत नाही. त्यामुळे पेठेची तहान शतकानुशतके तलावांनी आणि विहिरींनीच भागविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने आले. १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी आले. नळ दारात येताच विहिरी विस्मरणात गेल्या. पुढे वस्ती वाढली, नळ अपुरे पडले आणि घरोघरी कूपनलिका खोदल्या गेल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांतील हजारो आटल्या, तेव्हा जुन्या विहिरींचे मोल पुन्हा उमगले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. नळाच्या पाण्याची तपासणी पाणीपुरवठा मंडळ करते. घरच्या विहिरीची कोण करणार? ती जबाबदारी मालकाचीच असते. कर्नाटकाच्या २०११ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रातील विहिरींची नोंदणी बंधनकारक केली आहे. परंतु नोंदणी झाली म्हणून पाणी शुद्ध होत नाही. शिवाय विहीर खाजगी असली, तरी जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. बंगळूरच्या भूमीत कठीण खडकावर झिजलेल्या खडकाचा थर आहे. उथळ विहिरींना पाणी मिळते ते याच थरातून. शेजारचे गटार गळत असेल, तर त्याचे पाणीही याच थरात मुरते.

पाहणी

प्रथम डोळ्यांनी पाहावे. विहिरीभोवती सुमारे ७५ सेंटिमीटर उंच कठडा, किमान एक मीटर रुंद पक्का ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली असावी. शौचकूप किमान १५ मीटर दूर असावा. वर जाळी वा झाकण असावे. तपासणीसाठी विहिरीत एकट्याने कधीही उतरू नये. तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो.

परीक्षा

नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पिऊन शेकडो लोक पटकीने दगावले. डॉ. जॉन स्नो यांनी रुग्णांच्या घरांची नोंद करून रोगाचे मूळ त्या पंपापर्यंत पोहोचविले. म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू मुळीच नसावेत आणि एका लिटरमध्ये नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. असे पाणी तान्ह्या बाळांना विशेष घातक असते.

शुद्धीकरण

१००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. समजा, विहिरीचा व्यास २ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे. तर

३.१४ × २ × २ × ३ ÷ ४ = ९.४२ घनमीटर, म्हणजे ९४२० लिटर.

यासाठी सुमारे २४ ग्रॅम पावडर पुरेल. ती थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे द्रावण विहिरीत मिसळावे. एक तासानंतर पाणी वापरावे. पाणी फार दूषित असल्यास आरोग्य कर्मचाऱ्याकडून प्रमाण ठरवून घ्यावे.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा तरी ही तपासणी करावी. एका घराने आपली विहीर स्वच्छ राखली, तर शेजारच्या घराचेही पाणी राखले जाते.

शब्दार्थ

आड – अरुंद विहीर
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
पटकी – कॉलरा
नितळ – स्वच्छ, तळ दिसेल असे

पाठगत प्रश्न

१. नळ आल्यावर चिकपेटसारख्या पेठेतील विहिरींकडे दुर्लक्ष का झाले?
२. ‘जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असलेल्या विहिरीस किती ब्लीचिंग पावडर लागेल?

उपक्रम

तुमच्या परिसरातील एका विहिरीची पाहणी करा आणि आढळलेल्या त्रुटींची नोंद आठ-दहा ओळींत लिहा.