वादळापूर्वीची बांधणी

छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना समुद्र दूरचा. परंतु पैठणच्या नाथसागरातील होड्या त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या असतात. वारा सुटला म्हणजे तेथेही काठाशी बांधलेली होडी दोराला हिसके देऊ लागते. मग चक्रीवादळात कोकणच्या किनाऱ्यावरील नौकांची काय अवस्था होत असेल!

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. त्याच दिवशी रत्नागिरीजवळ नांगरलेले 'बसरा स्टार' हे मोठे जहाज लोटले जाऊन मिऱ्याच्या किनाऱ्यावर रुतले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून जाणता नाखवा इशारा मिळताच, वारा शांत असतानाच कामाला लागतो.

प्रथम तो नौका खाडीत आत, आडोशाला नेतो. जाळी व ताडपत्री उतरवितो; कारण वाऱ्याला अडण्यास जितकी जागा मिळेल, तितका दोरांवरील ताण वाढतो. तळाशी साचलेले पाणी तो उपसतो. नौका धक्क्यावर आपटू नये म्हणून मध्ये जुने टायर बांधतो. दोर जेथे घासेल, तेथे गोणपाट गुंडाळतो. मग तो नौका निरनिराळ्या दिशांनी बांधतो. कारण वादळ पुढे सरकते, तशी वाऱ्याची दिशाही पालटते.

अशा वेळी मदतीस आलेला मुलगा विचारतो, "बाबा, दोर घट्ट ताणून का बांधत नाही?"

नाखवा म्हणतो, "वादळात पाणी चढते, बाळा. नेहमीच्या भरतीहून एक-दोन मीटर अधिक चढले, तर आखूड दोर तुटेल किंवा नौका कलंडेल. नांगराचा दोरही लांबच हवा. लांब दोर नांगराला आडवा ओढतो, म्हणून नांगर चिखलात घट्ट रुततो. आखूड दोर त्याला वर उपटतो."

शेवटचे काम सर्वांत अवघड असते. नौकेवर साऱ्या घराची भाकरी अवलंबून. तिला सोडून जाताना पाय जड होतात. परंतु माणूस नौकेवर बसून राहिला, म्हणून वादळ तिला सोडीत नाही. नौका पुन्हा बांधता येते. गेलेला जीव परत येत नाही. नाखवा अखेरची गाठ तपासतो, मुलाचा हात धरतो आणि गावातील पक्क्या इमारतीची वाट चालू लागतो.

स्वाध्याय
१. नांगराचा दोर लांब का ठेवतात?
२. नाखव्याचे शेवटचे काम सर्वांत अवघड का?