म्हणूनच मीटिंगला जा

"डॉक्टर, महिना झाला, थेंबही घेतला नाही. आता मीटिंगला कशाला जाऊ? तिथं सगळे बेवडेच असतात." हे मी नेहमी ऐकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: म्हणूनच जा.

शरीरातली दारू उतरवणं हे आमचं काम, आणि ते त्यातल्या त्यात सोपं. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र ती घरच्या घरी एकदम तोडू नये. पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. औषधांनी हे निभावतं. पण पुढच्या संध्याकाळींचं काय? पगार हातात पडतो, जुना दोस्त हाक मारतो, पाय सवयीनं बारकडे वळतात. तेव्हा माझी गोळी एकटी पुरत नाही.

1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात कामासाठी आलेल्या एका शेअर दलालाला अशीच तलफ आली. त्याची दारू पाच महिने सुटलेली होती. ती टिकावी म्हणून त्यानं बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो निघाला सर्जन! (ज्ञान कमी पडलं, असं म्हणायची सोय नाही.) त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली; मी म्हणतो ती मीटिंग तिचीच. सर्जनसाहेब त्यानंतरही एकदा घसरलेच. मग 10 जूनपासून मात्र कायमचे सुटले. म्हणून घसरलात तर तोंड लपवू नका, त्याच संध्याकाळी मीटिंग गाठा. "माझंही असंच झालं होतं" हे तिथला माणूस म्हणू शकतो, मी नाही.

2020 मध्ये 27 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. रुग्णाला या गटांच्या वाटेला लावणाऱ्या उपचारांनंतर वर्षभरानं शंभरातले 42 जण पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांनंतर 35. फरक डोंगराएवढा नाही. पण मीटिंगला फी नसते, आणि ती आयुष्यभर मिळते. मीटिंगमधला देवाचा उल्लेख खटकत असेल तर तेवढा सोडा, माणसं धरा.

वहिनी, बाटल्या लपवून आणि शपथा घालून तुम्हीही थकला असाल. पत्नींसाठी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 'सहचरी' गट आहे, अनेक शहरांत घरच्यांसाठी अल-अनॉन गट आहेत. नवरा मीटिंगला जावो न जावो, तुम्ही जा.

जवळचं व्यसनमुक्ती केंद्र 14446 या मोफत क्रमांकावर विचारा. मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकलं तरी चालतं.