१९६६ : आघातांचे आणि पेरणीचे वर्ष

स्वातंत्र्योत्तर भारताची १९६६ इतकी कठोर परीक्षा फार थोड्या वर्षांनी घेतली. १० जानेवारीला ताश्कंद करार झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे तेथेच निधन झाले. २४ जानेवारीला इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची सूत्रे स्वीकारली. त्याच दिवशी आल्प्समधील विमान अपघातात डॉ. होमी भाभा मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारीला मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकर, तर १६ एप्रिलला संविधानाची मूळ प्रत चित्रांकित करणारे नंदलाल बोस निवर्तले.

आर्थिक आघातही तितकेच गंभीर होते. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्य उत्पादन १९६५-६६ च्या दुष्काळात ७.२ कोटी टनांवर घसरले. १९६६ मध्येही पाऊस अपुरा झाला. बिहारमध्ये तीव्र अन्नटंचाई निर्माण झाली. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्यान्वये मिळणाऱ्या गव्हावरील अवलंबित्व वाढले. ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली आणि १९६९ पर्यंत वार्षिक योजनांवर काम भागवावे लागले.

मात्र याच वर्षी अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. या बुटक्या वाणांना भरपूर खत दिले तरी पीक लोळत नसे. परंतु केवळ बियाणे पुरेसे नव्हते. सिंचन, खत आणि रास्त भावाची हमी यांची जोड आवश्यक होती. शास्त्रीजींच्या कारकिर्दीत १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग येथे उपयोगी पडले. १९६५-६६ मधील सुमारे १.०४ कोटी टन गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर पोहोचले. त्यात अनुकूल पावसाचाही वाटा होता. हा लाभ प्रथम पंजाब, १ नोव्हेंबर १९६६ रोजी अस्तित्वात आलेला हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश या सिंचित भागांना मिळाला. कोरडवाहू शेतकरी मागे राहिला, ही त्याची मर्यादा.

वर्षाच्या घटनासूचीत निधन आणि संकटे ठळकपणे नोंदली जातात. बियाण्याची आयात किंवा एखाद्या मंडळाची स्थापना सहसा दुर्लक्षित राहते. तथापि, नेतृत्व हरपल्यावरही धोरण पुढे नेणाऱ्या संस्था उभ्या असणे, हेच राष्ट्राचे खरे संचित होय. १९६६ चा ताळेबंद हेच सांगतो.