बास गिटारचा आवाज कोठे हरवतो?

माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून विद्यालयाच्या संगीत कक्षात एक बास गिटार, 300 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर कॅबिनेट आली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतर जे घडले ते थोड्यांनाच ठाऊक आहे. 14 एप्रिलच्या कार्यक्रमाचा सराव सुरू असताना मुलांनी प्रथम एकच कॅबिनेट जोडले. आवाज समाधानकारक होता. मग दुसरे जोडले. आवाज वाढायला हवा होता, तो उलट घटला. तारेवरील बोटांची टकटक स्पष्ट ऐकू येत होती. पण ज्या भरीव खर्जासाठी हे सारे आणले, तोच नाहीसा झाला होता. कोणी म्हणाले, शक्ती दोन ठिकाणी वाटली गेली म्हणून असे झाले. कोणी म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायरच सदोष आहे, परत करावा. ध्वनियंत्रणेची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने मला बोलावणे आले. दोष सापडायला अर्धा तास लागला, दूर करायला पाच मिनिटे. त्या अर्ध्या तासात मुलांना जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने मांडत आहे. कारण आपल्या वस्त्यांमधील गायन पार्ट्या आणि ऑर्केस्ट्रा यांच्याकडे आता बास गिटार असतेच, आणि त्यातील अनेकांचे अ‍ॅम्प्लिफायर अज्ञानामुळे जळालेले मी पाहिले आहेत.

जलशाच्या काळी खर्जाची बाजू ढोलकीची धुम सांभाळत असे. तिला वीज लागत नव्हती. बास गिटारची गोष्ट वेगळी आहे. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात, आणि पाच तारांच्या बासमध्ये तर सुमारे 31. एवढ्या कमी वारंवारतेला आपला कान फारसा संवेदनशील नसतो. म्हणून गायकाच्या आवाजाइतकाच बासचा आवाज जाणवावा यासाठी कितीतरी अधिक हवा हलवावी लागते, आणि हवा हलवायची म्हणजे शक्ती खर्च करायची. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बास बाजारात आणला. त्याच्यासाठी वेगळा, बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या कंपनीला लगेच 1952 साली काढावा लागला. 1969 साली अँपेग कंपनीने 300 वॉटचा एस.व्ही.टी. आणला तो याच गरजेपोटी. शक्ती मोठी असली की जोडणीतील लहान चूकही महाग पडते.

आता जोडणीकडे वळू. प्रत्येक कॅबिनेटच्या पाठीवर 8 ओहम किंवा 4 ओहम असा आकडा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर किमान किती ओहम चालतील, ते लिहिलेले असते. हे दोन आकडे न वाचता जोडणी करू नये. ओहमचा नियम शाळेत आपण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. येथे तो पैशांचा प्रश्न होतो. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील दोन्ही स्पीकर जॅक आतून समांतर जोडणीत असतात. एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात वायर नेली, तरी तीही बहुधा समांतरच असते. 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की एकूण रोध 4 ओहम होतो. तीन जोडली तर सुमारे 2.7. चार ओहमची दोन जोडली तर 2.

रोध निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला प्रवाह दुप्पट होतो. 4 ओहमवर 300 वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी सुमारे साडेआठ अँपिअर प्रवाह पुरवत असतो. 2 ओहम जोडल्यास त्याच्याकडून सतरा अँपिअरहून अधिक मागितले जातात. काही यंत्रे स्वतःला बंद करून घेतात. काही फ्यूज उडवतात. काहींचे ट्रान्झिस्टर जातात. उलट बाजूने, ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला अधिक ओहम जोडले तर धोका नाही, फक्त शक्ती कमी मिळते: एकच 8 ओहमचे कॅबिनेट जोडले तर 300 ऐवजी सुमारे दीडशे ते पावणेदोनशे वॉट. आमच्या मुलांची दोन्ही कॅबिनेट 8 ओहमची, अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा 4 ओहमची. म्हणजे दुसरे कॅबिनेट जोडल्यावर एकूण शक्ती वाढायलाच हवी होती. ‘शक्ती वाटली गेली’ हे अनुमान तेथेच बाद झाले.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नियम निराळा आहे, कोणाकडे जुना असेल तर त्याने हे ध्यानात ठेवावे. त्याला जेवढे ओहम सांगितले तेवढेच द्यावेत, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. आतील आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याचे झाकणही उघडू नये. बटण बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

वायरबद्दल एक गोष्ट सांगतो, तीत माझीच फजिती आहे. उमेदवारीच्या दिवसांत एकदा स्पीकरची वायर सापडेना म्हणून मी गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅबिनेट यांच्यामध्ये लावली. दोन्ही टोकांना जॅक सारखाच, बसला नीट. तासाभराने वायर हाताला गरम लागली आणि आवाज दबला. गिटारच्या वायरमध्ये मधली तार केसासारख्या बारीक तंतूंची असते आणि भोवती जाळी असते. ती जाळी बाहेरची घरघर आत येऊ देत नाही, म्हणून गिटारच्या क्षीण संकेताला ती हवीच. पण आठ अँपिअर वाहून नेणे हे तिचे काम नाही. स्पीकरसाठी दोन जाड तारांची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. शक्य असेल तर स्पीकॉन पिन वापरावी. ती फिरवून पक्की बसते आणि गिटारच्या जॅकमध्ये चुकूनही जात नाही.

आता आमचा हरवलेला खर्ज. प्रत्येक कॅबिनेट एकटे लावून पाहिले: दोन्ही उत्तम. वायरी अदलाबदल करून पाहिल्या: फरक नाही. दोन्ही एकत्र लावली की खर्ज गायब. मग दोन्ही कॅबिनेट समोरासमोर ठेवून दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घेतला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर टेकवले. पहिल्या कॅबिनेटमधील स्पीकरचा कागद बाहेर आला. दुसऱ्यातील आत गेला. ते कॅबिनेट वापरलेले घेतले होते, पूर्वी कधीतरी दुरुस्त झाले होते आणि त्या वेळी आतल्या दोन वायरी उलट डाग देऊन बसवल्या गेल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, तेव्हाच दुसरा ती मागे ओढत होता. 41 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर असते. तिच्यापुढे शेजारी ठेवलेल्या दोन कॅबिनेटमधील अंतर नगण्य, म्हणून खर्ज जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. बोटांची टकटक ही आखूड लहरींची असल्याने ती मात्र वाचते. वायरी सरळ केल्या, आणि संगीत कक्षाच्या खिडक्या थरथरल्या.

दोष शोधण्याची सारी रीत या प्रसंगात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर दोष गेला तरी तो कोठे होता ते कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तो परत येतो. केसमुत्त गावी कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा. दुरुस्तीच्या टेबलावर याहून उपयुक्त उपदेश मला आढळलेला नाही. ‘अ‍ॅम्प्लिफायर गेला’ असे ऑपरेटर सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा वायर गेलेली असते.

आवाज अजिबात नसेल तर गिटारपासून सुरुवात करावी. पुष्कळ बास गिटारमध्ये आत 9 व्होल्टचा सेल असतो. जॅक खोचलेला असेतोवर तो खर्च होत राहतो. जॅक तसाच राहून सेल उतरला तर आवाज बारीक आणि फाटका येतो, आणि दोष मात्र अ‍ॅम्प्लिफायरवर जातो. नंतर वायर बदलून पाहावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतील तर ती एका छोट्या वायरने जोडून पाहावीत. आवाज परत आला तर तेथील संपर्क धूळ किंवा गंजाने खराब झाला आहे, साफसफाईने काम होईल. कॅबिनेटची शंका असेल तर मल्टिमीटरने रोध मोजावा: 8 ओहमचे कॅबिनेट मीटरवर 6 च्या आसपास दाखवते, तो दोष नव्हे. काहीच न दाखवले तर आत तार तुटली आहे. शून्य दाखवले तर शॉर्ट आहे आणि ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडूच नये. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घालावा. जाड तार गुंडाळून काम भागवणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या हाती विद्यालयाची वस्तू देऊ नये.

घरघरीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. बासच्या जाड तारेवरील तिसऱ्या पट्टीचा सूर 49 हर्ट्झचा. म्हणून विजेची घरघर बासमध्ये एखाद्या स्वरासारखी मिसळते. तारांना हात लावला की घरघर थोडी कमी होत असेल तर काळजीचे कारण नाही. पण हात लावल्यावर ती वाढत असेल, किंवा ओठ माइकला लागताच मुंगी चावल्यासारखे होत असेल, तर वादन तत्काळ थांबवावे. याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायर आणि माइकचा मिक्सर यांचे अर्थिंग एक नाही, किंवा एकाला ते नाहीच. वादकाचा एक हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकवर. दोहोंमधील विद्युतदाबाचा फरक त्याच्या छातीतून वाट काढतो. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू पावले.

आपल्याकडे मांडवात जनरेटरची वीज असते, अर्थिंगची सळई कित्येकदा कोरड्या मातीत नावापुरती ठोकलेली असते, आणि घरघर जावी म्हणून थ्री पिनची मोठी पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ सर्रास केला जातो. घरघर जाते हे खरे. त्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते. ती पिन कोणत्याही कारणाने काढू नये. बास, कीबोर्ड, मिक्सर या सर्वांना एकाच ठिकाणाहून, एकाच अर्थिंगवर वीज द्यावी. बहुतेक घरघर तेवढ्यानेच थांबते. उरली तर डी.आय. बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे; ते फक्त ध्वनीच्या वायरीची जाळी तोडते, विजेचे अर्थिंग नव्हे. आणि मंचाच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा. पालकांनी मुलाच्या कार्यक्रमाला जाताना मंडपवाल्याला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याला राग आला तरी चालेल.

बाकी मांडणीचे थोडक्यात. कॅबिनेट मागच्या भिंतीला लागून ठेवावे. भिंतीपासून सुमारे दोन मीटर पुढे आणले तर परतणारी लहर नेमक्या खालच्या सुरांना मारते. पोकळ लाकडी मंचावर सारे गुमते, तेथे खाली जाड रबर घालावे. ‘बास’चे बटण पूर्ण फिरवण्याचा मोह आवरावा: 6 डेसिबलची वाढ चौपट शक्ती मागते आणि 12 डेसिबलची सोळापट. आवाज कमी वाटला तर मधल्या पट्टीचे बटण थोडे वाढवून पाहावे, कान खर्जाची ओळख बरीचशी वरच्या स्वरांशांवरूनच करतो. गेन किती ठेवावा, हे मुलांनी विचारले तेव्हा त्यांच्यापैकीच एकीने सोण भिक्खूच्या वीणेचे उत्तर दिले: तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. व्यवहारात, सर्वांत जोरात छेडल्यावर लाल दिवा क्वचितच लुकलुकेल इतका गेन ठेवावा आणि उरलेले काम मास्टरच्या बटणावर सोडावे. सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

मुलांनी आता दोन्ही कॅबिनेटच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘8 ओहम’ असे ठळक लिहिले आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘4 पेक्षा कमी नको’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि स्पीकरच्या वायरींना लाल पट्टी गुंडाळली आहे. पेन्सिल सेल पेटीच्या कप्प्यात ठेवलेला आहे.