मुद्रा कोणाची, ऋण कोणाचे?

गेल्या माघातील गोष्ट. दर्यापूर तालुक्यातील एका गावी सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन आटोपले, पंगती उठल्या, आणि आम्ही पारावर टेकलो होतो. तेवढ्यात बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा खंजिरी काखेत धरून जवळ आला. पायांवर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, रागावनार नसान तर एक इचारतो. म्या काही भजनं सोता जोडली हायेत. चालबी माहीच हाय. सप्त्यात म्हनता येते का? आन म्हनलं तर खाली नाव कोनाचं टाकू?"

मुलगा शेतकऱ्याचा. कोणा मंडळाचा नाही, कोणा कंपनीचा नाही. रात्री कोठीच्या खोलीत बसून गातो आणि मोबाईलवर मुद्रित करून ठेवतो. त्याने चार भजने ऐकविली. आम्ही विचारले, "बाळा, या चाली तुला सुचल्या कोठून?" तो न लाजता एकेक सांगू लागला. पहिली आजीच्या जात्यावरच्या ओवीवरून उचलली, दुसरीचा ठेका तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा, तिसरीत काकड्याची चाल थोडी मोडून घेतली, चौथी एका सिनेमातल्या गाण्याच्या अंगाने गेली. खरे सांगतो, भजनांपेक्षा त्याचे हे सांगणेच आम्हांस अधिक भावले. पण त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने आमच्या अंगावर काटा आला. तो कां आला, हे शेवटी सांगू. आधी शास्त्र काय म्हणते आणि संतांनी काय केले, हे पाहू.

संगीतशास्त्राचा प्रमाण ग्रंथ संगीतरत्नाकर. तो तेराव्या शतकात देवगिरीस, म्हणजे आपल्याच मातीत, यादवराजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने रचिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्यात 'वाग्गेयकार' असा शब्द येतो. गीताच्या शब्दांस शास्त्रात 'मातु' म्हणतात आणि चालीस 'धातु'. शब्द आणि चाल ही दोन्ही ज्याची स्वतःची, तो वाग्गेयकार. त्याचे उत्तम, मध्यम, अधम असे प्रकार सांगून आचार्य पुढे आणखी एक नाव देतात, 'कुट्टिकार'. दुसऱ्याने केलेल्या चालीत आपले शब्द बसविणारा तो कुट्टिकार. आता बघा, सिनेमाच्या चालीवर भजन बांधणारे आपण आज जागोजागी पाहतो आणि हा नव्या काळाचा बिघाड आहे असे म्हणतो. पण सुमारे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीस त्या कामाला शास्त्रीय नाव होते! आचार्यांनी त्यास वाग्गेयकाराच्या पंगतीस बसविले नाही, पण गायकांच्या जगातून हाकलूनही दिले नाही. जो जेवढे करतो तेवढेच नाव त्यास द्यावे, असा हा न्याय आहे.

आणि हा आचार्य स्वतः काय करितो? ग्रंथाच्या आरंभीच सदाशिवापासून भरत, मतंगापर्यंत पूर्वाचार्यांची लांबलचक नामावळी देतो, आणि त्या सर्वांच्या मतांचा सागर घुसळून आपण सार काढले, असे सांगतो. घुसळणे त्याचे, सागर मात्र पूर्वजांचा. ग्रंथाला आपले नाव लावण्यापूर्वी देणेकऱ्याने सावकारांची नावे वहीत मांडावीत, तसा हा प्रकार आहे.

ज्ञानोबारायांनी तरी वेगळे काय केले? शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. अशी रचना मराठीत आधी झाली नव्हती. तरी माउली म्हणतात की आपण व्यासांच्या पावलांचा माग घेत, भाष्यकारांस वाट विचारीत आलो. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी परंपरा सांगून मग ग्रंथ संपवितात. नवे काही करणाऱ्याने मागचे नाकारले पाहिजे, ही समजूत आपल्याकडची नव्हे.

आता नाममुद्रेकडे वळू. अभंगाच्या शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव येते, ती मुद्रा. पुष्कळांस वाटते की मुद्रा म्हणजे मालकीचा शिक्का. पण संतांच्या मुद्रा नीट वाचाव्यात. नाथमहाराज नुसते 'एका' म्हणून थांबत नाहीत, 'एका जनार्दनी' म्हणतात. आपल्या नावाशेजारी गुरूचे नाव बसवितात. जनाबाई स्वतःस नामयाची दासी म्हणवितात. ज्ञानोबारायांच्या अभंगांत तर स्वतःचे नाव झाकून 'बापरखुमादेवीवरु' असे देवाचे नाते पुढे येते. म्हणजे एकाच मुद्रेत दोन गोष्टी आहेत. हे बोलण्याची जबाबदारी माझी, आणि हे बोलण्याचे बळ ज्याने दिले तो हा. सही आणि ऋणपत्र एकाच कागदावर!

तुकोबारायांनी आपल्या घडणीची हकीकत स्वतःच अभंगांतून सांगितली आहे. त्याचा भाव असा की, आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणारे गात असत आणि आपण मागे राहून त्यांचे ध्रुपद धरीत असू. पुढे नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सांगितले. वाचकांनी यातील क्रम ध्यानी घ्यावा. आधी पाठांतर, मग दुसऱ्याच्या मागे ध्रुपद, मग आज्ञा, आणि त्यानंतर स्वतःची वाणी. आजच्या कित्येकांस पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम चौथीवर उडी घ्यावयाची असते. आणि कित्येक जुन्या मंडळींस, आम्हीही त्यांतलेच, दुसऱ्या पायरीवरच मुलांस जन्मभर उभे करावेसे वाटते. दोन्ही चूकच.

हा क्रम आमच्या वऱ्हाडात दोन महापुरुषांच्या ठायी प्रत्यक्ष दिसतो.

पहिले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात लोणी टाकळीस जन्म, वास्तव्य माधान गावी. अगदी तान्हेपणी दृष्टी गेली. दुसऱ्याकडून वाचवून घेऊन शास्त्रे ऐकिली आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, १९१५ साली देह ठेवीपर्यंत, शंभरावर लहानमोठ्या ग्रंथांची निर्मिती केली. त्यांत संगीतावरचा 'गानसोपान' आहे. स्वतःची भाषा आणि लिपी घडविण्यापर्यंत ज्यांची स्वतंत्र बुद्धी धावली, त्यांनी स्वतःस काय म्हणवून घेतले? 'ज्ञानेश्वरकन्या'! एवढे स्वतंत्र, आणि नाव घेतले ते लेकीचे.

दुसरे तुकडोजी महाराज. १९०९ साली यावलीस जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. आमच्याकडे अशी कथा सांगतात की, लहानगा माणिक वरखेडास तुकोबांचे अभंग गाई, आणि अर्थातच प्रत्येकाच्या शेवटी तुकोबांची मुद्रा येई. एके दिवशी गुरूंनी त्यास अडविले, आणि किती दिवस तुकोबांच्या नावाने म्हणशील, आता आपल्या नावाने म्हणत जा, असे सांगून 'तुकड्या' हे नाव दिले. गुरूंनी दिलेल्या भाकरीच्या तुकड्याशीही त्या नावाचा संबंध लावतात. कथा कशीही घ्या, सार एकच. स्वतःच्या नावाने गाण्याची मुभा गुरूने दिली, आणि दिलेल्या नावात दुसऱ्याच्या घरच्या भाकरीची आठवण ठेवली.

त्या तुकड्याने पुढे हातभर खंजिरीवर उभा वऱ्हाड हालविला. मराठीत आणि हिंदीत हजारो भजने केली, मोझरीस गुरुकुंज वसविले, एक्केचाळीस अध्यायांची ग्रामगीता लिहिली. १९४२ च्या चळवळीत नागपूर व रायपूरचा तुरुंग भोगला, १९५५ साली जपानमधील जागतिक परिषदेस जाऊन आले, १९६८ साली देह ठेविला. मोठे वाद्य नाही, नाटक कंपनी नाही. स्वतःचे शब्द, स्वतःचा ठेका आणि समोर बसलेला गाव.

संप्रदायाबाहेरही आमच्या अमरावतीचे एक उदाहरण आहे. कवी सुरेश भट, जन्म १९३२ चा. त्यांनी उर्दूतून आलेली गझल मराठीत रुजविली, आणि तिचे तंत्र 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या मुलांच्या हाती मोकळे करून दिले. जे दुसरीकडून घेतले ते पुढे देऊन टाकले. ऋण फेडण्याची ही एक रीत आहे.

आता चालीविषयी दोन शब्द. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गीताचा उल्लेख छापण्याची पद्धत असे. भजनांच्या जुन्या पुस्तकांतही ती आढळते. गाणाऱ्यास चाल कळावी हा हेतू खरा, पण त्यातून ऋण आपोआप सांगितले जाई. आज ती चाल सांगण्याची चाल सुटली. भीमसेन जोशी यांनी गायिलेला, विठ्ठलास तीर्थ नि क्षेत्र मानणारा नामदेवरायांचा अभंग गावोगाव म्हणतात. ती चाल पुणे आकाशवाणीवर काम केलेल्या राम फाटक यांची. पण भजनी मंडळांस विचारा, "ही नामदेवांपासूनचीच हाय" असे सांगतील. चाल लोकांची झाली हा तिचा गौरवच होय; पण ज्याने ती केली त्याचे नाव घेण्यास आपले काय जाते?

आता तो काटा. सुमारे वीस वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. त्याने एक अभंग केला होता, चांगला बांधेसूद. शेवटी त्याचे स्वतःचे नाव होते. आम्ही चार लोकांत त्यास झिडकारले. "अरे, संतांच्या ओळीत तुझे नाव घालतोस? एवढा मोठा झालास का? ते नाव काढ आधी!" पोरगा खाली मान घालून गेला. आम्हांस वाटले, अहंकार मोडला, बरे झाले.

पुढे काही वर्षांनी अकोल्याकडील एका सप्ताहात हरिपाठानंतर भजन चालले होते. तोच अभंग कानी आला, शेवटी 'तुका म्हणे' लावून! एक वृद्ध टाळकरी आम्हांस विचारू लागले, "महाराज, हा गाथ्यात कोठे येतो? लई गोड हाय." गाथेत साडेचार हजारांवर अभंग, आम्हांस चटकन आठवेना. घरी येऊन दोन रात्री चाळत बसलो. सापडेना. दुसऱ्या रात्री एकदम तो तरुण आठवला, आणि पुस्तक मिटले.

शोध करीत त्याच्या गावी गेलो. तो पऱ्हाटीत डवरे धरून होता. सांगितले तर म्हणाला, "महाराज, तुमीच म्हनलं होतं ना नाव काढ म्हनून. काढलं. मंग लोकायले कोनाचं तरी नाव पाह्यजे होतं. त्याहीनं तुकोबाचं लावलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून अधिक लागले. त्यानंतर त्याने एकही अभंग केला नाही.

म्हणजे आम्ही अहंकार मोडावयास गेलो, आणि एक खोटा अभंग जन्मास घातला. नामदेवरायांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या, म्हणून अभ्यासक आजवर निवड करीत बसले आहेत. तशीच भर आमच्या एका शब्दाने पडली. तेव्हापासून जेथे तो अभंग ऐकतो तेथे उठून सांगतो की हा तुकोबांचा नव्हे, अमुक गावच्या शेतकऱ्याचा. कोणी ऐकतात, कोणी हसतात. ती खोटी मुद्रा अजून लोकांच्या ओठांवरून उतरलेली नाही. सुटलेला शब्द परत येत नाही.

असो. म्हणून पारावरच्या त्या मुलास आम्ही जे सांगितले, तेच येथे लिहितो.

वारकरी कीर्तनात निरूपणास आणि प्रमाणास संतांचेच वचन घ्यावे. ती शिस्त आहे आणि ती राहावी. कीर्तनकाराने स्वतःचेच पद घेऊन स्वतःच त्याचा अर्थ सांगितला, तर साक्षीदार आणि वादी एकच व्हावयाचे. तुझी भजने हरिपाठ झाल्यावर, रात्रीच्या भजनात, किंवा तुझ्या स्वतंत्र कार्यक्रमात म्हण. म्हणण्यापूर्वी चाल कोठली ते सांग. आजीची असेल तर आजीचे नाव घे, सिनेमाची असेल तर तेही लपवू नकोस. ज्याची चाल पूर्णपणे घेतलीस, तेथे तू कुट्टिकार, हे मान्य कर. त्यात कमीपणा नाही. रोज संतांचे दोन अभंग पाठ कर आणि दुसऱ्याच्या मागे ध्रुपद धरण्याची लाज बाळगू नकोस. आणि शेवटी मुद्रा तुझीच घाल. चुकले तर तुझ्या नावावर जाऊ दे, तुकोबांच्या नावावर नको.

मुलगा म्हणाला, "पन लोक म्हनतीन, मोठा संत झाला."

आम्ही म्हटले, "म्हणोत. आमच्यासारखा एखादा झिडकारीलही. तरी नाव काढू नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खंजिरीवर थाप मारून त्याने पहिले भजन पुन्हा सुरू केले, आधी आजीचे नाव घेऊन. आम्ही मागे ध्रुपद धरिले.