बिडी वळणारीचा मालक कोण?

(कामगार संत योसेफ यांच्या सणानिमित्त अभ्यासपाठ)



१ मे या तारखेला आपल्याकडे चार गोष्टी एकत्र येतात. तो जगभरचा कामगार दिन आहे, महाराष्ट्र दिन आहे, पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केलेला कामगार संत योसेफ यांचा सण आहे आणि आपल्या जिल्ह्याचा वाढदिवसही आहे. १९९९ साली याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा या निमित्ताने आपण आपल्याच भागातल्या कामगारांचा विचार करू या.

कामगार आणि युनियन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचा भोंगा, मोठे गेट आणि गेटसमोरचा झेंडा येतो. परंतु आपल्याकडच्या एका फार जुन्या धंद्यातला कामगार या चित्रात बसत नाही. तो बहुधा बाई असतो आणि त्याचा कारखाना म्हणजे घराची ओसरी. मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळते. ‘बाई, तुमचा मालक कोण?’ असे तिला विचारले तर ती सट्टेदाराचे नाव सांगते. सट्टेदार म्हणतो, ‘मी मधला माणूस, मालक कंपनी.’ आणि कंपनीचे उत्तर पुष्कळ वर्षे असे होते की, ‘ती आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करते. ती आमची कामगार नव्हे.’

मालकच सापडत नसेल तर मजुरी कोणाकडे मागायची आणि संप कोणाविरुद्ध करायचा? आजच्या पाठात आपण हा एकच प्रश्न समजून घेणार आहोत.

१. काम कसे चालते?

आपल्या भागात तेंदूची जंगले आहेत, रेल्वेचे जंक्शन आहे आणि शेतीचा हंगाम संपला की रिकामे राहणारे हात आहेत. त्यामुळे बिडीचा धंदा येथे रुजला आणि वाढला. या धंद्यातला पैसा सगळाच बाहेर गेला असे नाही. बिडी व्यवसायातले मनोहरभाई पटेल यांनी उभी केलेली गोंदिया शिक्षण संस्था आपल्यापैकी अनेकांना परिचयाची आहे. कारखानदार म्हणजे वाईटच, असे मानून या पाठाला बसू नये.

सट्टेदार बाईला तेंदूपत्ता, तंबाखू आणि धागा देतो. ती पाने भिजवते, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापते, तंबाखू भरून वळते, धाग्याने बांधते आणि तोंड मुडपते. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा होतो. मजुरी मात्र हजारावर मिळते. बिड्या मोजून घेताना ज्या पसंत पडत नाहीत त्या बाजूला काढल्या जातात. त्याला ‘छाट’ म्हणतात.

तिच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या त्याच आहेत. पाने फाटकी किंवा कमी दिली जातात. हजार बिड्या पुऱ्या करण्यासाठी तिला पदरचे पैसे घालून पाने विकत घ्यावी लागतात. छाट काढलेल्या बिड्यांची मजुरी मिळत नाही. वहीत आकडा कमी लिहिला जातो. एकटी बाई याविरुद्ध बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला पाने मिळत नाहीत. म्हणून संघटनेची गरज पडते.

२. संघटनेची सुरुवात

आपल्याच रेल्वेमार्गावर, नागपूरजवळच्या कामठी गावी बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) हे कार्यकर्ते होऊन गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात. बिडी कामगारांचे संघटक ही त्यांची दुसरी ओळख मात्र मागे पडली आहे. त्यांनी बिडी मजुरांचा संघ बांधला. मधल्या ठेकेदारामुळे मजूर नागवला जातो हे ओळखून कामठी, रामटेक या भागांत सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि दोनच वर्षांत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारले.

त्यांच्या कामातून एक धडा मिळतो. भाव वाढवून मागणे हे संघटनेचे काम आहेच. परंतु त्याआधी कामगार आणि खरा मालक यांना समोरासमोर आणावे लागते.

३. छाट काढणारा तो मालक

हा प्रश्न कोर्टातही गेला. १९६०-६१ च्या सुमारास सुप्रीम कोर्टासमोर दोन खटले आले, एक नागपूरच्या बिडी कारखान्याचा आणि दुसरा नाशिककडच्या सिन्नरचा. दोन्हीकडे मुद्दा रजेच्या पगाराचा होता. नागपूरचे मजूर कायद्याने कामगार ठरले. सिन्नरच्या मजुराला मात्र बहुसंख्य न्यायाधीशांनी कामगार मानले नाही, कारण त्याच्यावर मालकाचे पुरेसे नियंत्रण दिसत नाही असे त्यांचे मत पडले. काम एकच, धंदा एकच, निकाल दोन. मग कारखान्याच्या आवारातही न येणाऱ्या, घरी बसून वळणाऱ्या बाईचे काय होणार?

ही फट बुजवण्यासाठी १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. त्यात घरी काम करणाराही ‘कामगार’ धरला गेला आणि ठेकेदाराच्या मागे असलेल्या खऱ्या मालकाला ‘मुख्य नियोक्ता’ म्हणून जबाबदार केले गेले. भरपगारी रजा, बाळंतपणाचे लाभ, कामावरून काढण्यापूर्वी नोटीस या गोष्टी कायद्यात आल्या. छाट किती काढावी यावर राज्यांच्या नियमांनी मर्यादा घातली. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले, परंतु १९७४ साली सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला.

पुढे १९७७ साली भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पी. एफ., बिडी उद्योगाला लागू झाला. पुन्हा तोच वाद निघाला की, घरी बसणाऱ्या बाईचा पी. एफ. आम्ही का भरावा? १९८५ साली सुप्रीम कोर्टाने उत्तर दिले. बिडी पसंत करण्याचा किंवा फेकून देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचे कामावर नियंत्रण आहे, म्हणून ती बाई त्याचीच कामगार आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

बंधुभगिनींनो, हे नीट लक्षात घेऊ या. ज्या छाटीमुळे बाईची मजुरी बुडत होती, तीच छाट तिच्या हक्काचा पुरावा ठरली. निवडण्याचा अधिकार माझा असेल तर जबाबदारीही माझी आहे. हा नियम बिडीपुरताच नाही.

४. हक्क मागितला की धंदा जातो का?

‘फार ताणले तर धंदा शेजारच्या राज्यात जाईल’ असे आपण नेहमी ऐकतो. हे म्हणणे पोकळ नाही. किमान वेतनाचे दर प्रत्येक राज्यात वेगळे असतात आणि आपला जिल्हा तर मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. सट्टेदाराला पाने उचलून पलीकडच्या गावी न्यायला किती वेळ लागणार? केरळमध्ये असे घडलेही. १९६६ चा कायदा तेथे कसून लागू होऊ लागला तेव्हा १९६८ साली मंगळूरच्या कारखानदारांनी कण्णूर भागातले काम बंद केले आणि हजारो घरांतली चूल थंडावली.

पुढे काय झाले तेही पाहू. राज्य सरकारच्या मदतीने त्या कामगारांनी १९६९ साली ‘केरळ दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था काढली. भरभराटीच्या काळात तिच्यात चाळीस हजारांच्या आसपास लोक काम करीत होते. बिडीचा खप घटू लागल्यावर संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या असे दुसरे उद्योग हाती घेतले. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरच्या बिडी कामगार स्त्रियांनी युनियनच्या बळावर घरे मिळवली. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ साली ती कामगारांच्या हवाली झाली.

बिडी आरोग्याला घातक आहे, वळणाऱ्या बाईच्या छातीलाही आणि ओढणाऱ्यालाही, हे आपण जाणतो. हा धंदा कायम टिकावा असे आपण म्हणत नाही. परंतु धंदा घटत जाताना त्याचा सगळा भार सर्वांत गरीब बाईने सोसावा, हे न्यायाचे नाही. केरळच्या कामगारांना दुसऱ्या उद्योगाकडे वळता आले ते संघटनेमुळे.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते?

मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटना करण्याचा हक्क स्पष्टपणे मान्य केला. अडलेल्या माणसाने कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हेही त्यांनी सांगितले. त्याच परिपत्रकात कामगारांनाही कर्तव्य सांगितले आहे: कबूल केलेले काम प्रामाणिकपणे करावे, मालमत्तेची नासधूस करू नये. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी ‘लिओ’ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण करून दिली.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची शिकवण पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेरसेन्स’ या परिपत्रकात आहे. थेट काम देणारा एक मालक असतो, तसाच एक अप्रत्यक्ष मालकही असतो, असे ते म्हणतात. ज्यांच्या धोरणांमुळे आणि व्यवहारांमुळे मजुरीचा दर ठरतो ती सगळी माणसे आणि संस्था त्यात येतात. ‘मी फक्त मधला आहे’ असे म्हणून यातून कोणालाही सुटता येत नाही.

६. आज आपण काय करावे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाला. कायद्याचे नाव बदलले तरी नोंद नसलेल्या बाईला कोणताच कायदा सापडत नाही. पुष्कळ घरांत एकाच कार्डावर सासू, सून आणि लेक अशा तिघी बिड्या वळतात. नोंद एकीची होते, दोघी कागदावर नसतातच. पी. एफ. योजनेतल्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी नोंदलेली असावी लागते. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन महिना १००० रुपये ठरले. ही रक्कम थोडी आहे, पण म्हातारपणी औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये इतका तिचा आधार आहे. आयुष्यभर बोटे झिजवून नोंदीअभावी तीही न मिळणे, हे मोठे दुःख आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामातल्या शिकलेल्या तरुण-तरुणींना आमची विनंती आहे. ओळखीच्या बिडी कामगार बहिणीकडे जावे. तिचे ओळखपत्र आहे का, पी. एफ. क्रमांक आहे का, नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, वहीत रोजचा आकडा लिहिला जातो का, हे तिच्यासोबत बसून पाहावे. तिची युनियन असेल तर तिला सभेला जाण्यास धीर द्यावा. आणि आपल्यापैकी जे सट्टेदार, दुकानदार, राईस मिलचे मालक आहेत किंवा घरी कामाला बाई ठेवतात, त्यांनी स्वतःला विचारावे की, काम पसंत-नापसंत करण्याचा अधिकार मी वापरतो, त्याची जबाबदारी मी उचलतो का?

गटचर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या वस्तीत बिडी, हमाली, धुणीभांडी अशी कामे करणारे किती जण आहेत? त्यांचा ‘मालक’ कोण आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?

२) आपण कोणाचे अप्रत्यक्ष मालक आहोत? वस्तू स्वस्त मिळावी म्हणून आपण कोणाची मजुरी कमी करतो?

३) मालक आणि कामगार दोघेही आपल्याच मिस्सेला येत असतील, तर धर्मग्राम म्हणून दोघांना एका जागी बसवून बोलते करण्यासाठी आपण काय करू शकतो?

सुताराच्या दुकानात घाम गाळणारे संत योसेफ आपल्या जिल्ह्यातल्या सर्व कष्टकऱ्यांसाठी विनवणी करोत.